मधल्या शांततेतलं बटण

टेलरमास्तरांनी जन्मभरात शिवलेल्या शर्टांपैकी निदान शंभरेक शर्ट बाहीला आखूड झाले असतील, आणि त्याला कारण विश्वाची उत्पत्ती. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं राहिलं की मास्तरांना हमखास काहीतरी सुचायचं. टेप खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली, गिऱ्हाईक भिंतीवरच्या पालीकडे बघतंय, आणि मास्तर विचारतायत, "हे सगळं आहे, ते ठीक. पण का आहे? काहीच नसतं तर कुणाचं काय अडलं असतं?" गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, बावीस म्हणालात की तेवीस?" मास्तर म्हणायचे, "कशावरून?" आणि मनाला येईल तो आकडा वहीत लिहून मोकळे व्हायचे.

कशावरून हा त्यांचा लाडका शब्द. उद्या सूर्य उगवेल म्हटलं तरी कशावरून, आणि भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तरी कशावरून. गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. कशावरून मास्तर म्हटलं की पोस्टमन बरोबर दारात यायचा. त्यांची बायको म्हणायची, "लग्नाला हो म्हणाले तेवढंच एक कशावरून न विचारता. तेव्हा जरा विचारलं असतं तर दोघंही सुटलो असतो." हे ती हसत म्हणायची, पण अगदीच खोटं म्हणायची असंही नाही.

अडीच महिन्यांपूर्वी मास्तर शिलाई मशीनवर वाकलेले असताना त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला. कुणाच्या तरी पँटची एक तंगडी शिवून झाली होती, दुसरी राहिली ती राहिलीच. तेव्हापासून ते हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत पडून होते. डोळे उघडायचे, मिटायचे. उघडे असले की आढ्याकडे लागलेले असायचे. आता ते बघत होते की नुसते डोळे तिकडे होते, हाच तर सगळा वाद होता. हाक मारली तर ओ नाही, चिमटा काढला तर हूं नाही. उजव्या हाताचा अंगठा तेवढा अधूनमधून आत वळायचा आणि परत सरळ व्हायचा.

नाकातून घातलेल्या नळीनं त्यांना जेवण जायचं. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी घरच्यांना बसवून सांगितलं, की ही नळी फार दिवस ठेवता येत नाही. एक तर पोटाला छोटं भोक पाडून तिथून कायमची नळी घालायची, मग असंच वर्षानुवर्षं चालू शकतं. नाहीतर नळी काढायची, त्रास होणार नाही एवढी औषधं द्यायची आणि काय होतं ते होऊ द्यायचं. मंगळवारी सांगा, म्हणाल्या. बाई स्वभावानं चांगली होती, पण असलं सांगताना चांगला स्वभाव काय कामाचा?

"पण ते आत आहेत का?" थोरल्या मुलीनं विचारलं.

"तपासण्यांत तसं काही दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असं छातीठोक नाही सांगता येत मला."

बाहेर आल्यावर आईनं हात झटकले. म्हणाली, "मी असल्या कागदावर सही करायची नाही. तुम्ही बहीणभाऊ बघा." आणि धाकट्यानं, जो खिडक्यांना काचा बसवायचा आणि दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करायचा नाही, त्यानं सगळं बहिणीच्या गळ्यात घातलं. "ताई, हे तुझ्या लाइनीतलं आहे. तू म्हणशील ते."

तिच्या लाइनीतलं, म्हणजे असं की ती कान तपासायची. दुसऱ्या एका दवाखान्यात तळमजल्यावर एक आवाजबंद खोली होती, त्यात तिनं एकवीस वर्षं काढली होती. पेशंट तिला कानवाल्या बाई म्हणत. काम सांगायला सोपं: पेशंटला काचेपलीकडे बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. ही अलीकडून बारीक, मोठा, खालचा, वरचा असा एकेक आवाज सोडणार. आवाज आला की त्यानं बटण दाबायचं. दाबलं की हिच्यासमोर एक छोटा दिवा लागतो. आवाज फक्त हेडफोनमध्ये, त्यामुळे बाजूला बसलेल्या नातेवाइकांना नुसता दिवा दिसतो, बाकी काही कळत नाही.

या कामात दोन नियम पाळावे लागतात. एक, दोन आवाजांच्या मध्ये कमीजास्त शांतता ठेवायची, कारण माणसं फार गमतीची असतात. काही वाजलेलं नसतानाही दाबतात. कुणी घाबरून दाबतं, कुणी बाईंना बरं वाटावं म्हणून, तर कुणी आपण बहिरे नाही हे सुनेला दाखवायला. असं शांततेत दाबलेलं बटण कागदावर खोडून टाकायचं. आणि दुसरा नियम, एकदा दाबलं ते धरायचं नाही. तीनदा आवाज देऊन निदान दोनदा दाबलं, तरच कागदावर खूण करायची. नव्या मुलींना ती हे घोकून घ्यायला लावायची.

सहा वर्षांपूर्वी आईनं मास्तरांनाही तिच्याकडे पिटाळलं होतं. "यांना ऐकू येईनासं झालंय," अशी आईची तक्रार. ऐकू व्यवस्थित येत होतं, लक्ष नव्हतं, आणि त्यावर कुठल्याच मशीनमध्ये उपाय नाही. काचेपलीकडे मास्तर ऐटीत बसले आणि दर वेळी बटण मधल्या शांततेतच दाबू लागले. ती तणतणत आत गेली.

"बाबा, आवाज आला तरच दाबायचं!"

"आवाज आल्यावर कुणीही दाबेल. त्यात काय मोठी हुशारी?"

"अहो, मध्ये काही नसतं."

"कशावरून?"

"मी काही वाजवलेलं नसतं म्हणून!"

"असं होय," मास्तर म्हणाले. "म्हणजे तू वाजवशील तेवढंच जगात असतं." आणि स्वतःवरच खूश होऊन हसत सुटले. तिनं रागारागानं सगळी बटणं खोडली आणि सख्ख्या बापाच्या रिपोर्टवर लिहिलं, पेशंट सहकार्य करत नाही. तो रिपोर्ट मास्तरांनी दुकानात आरशाशेजारी चिकटवून ठेवला होता, अजून तिथेच होता.

खरं सांगायचं तर तिला वडिलांच्या प्रश्नांचा कंटाळा होता. लहानपणी जेवताना ते विचारायचे, आकाश संपतं तिथे भिंत असेल तर भिंतीपलीकडे काय? आणि ही म्हणायची, मला गणिताचा पेपर आहे. पुढे जिथे उत्तर मिळतं असं काम तिनं पत्करलं. ऐकू येतं किंवा येत नाही, किती येत नाही ते आकड्यात सांगता येतं. आणि आता त्या पलंगाशेजारी बसल्यावर मास्तरांचे सगळे प्रश्न एकदम तिच्याच मागे लागले. माणूस आत असतो म्हणजे कुठे असतो? झोपल्यावर जातो तिथेच आता गेला असेल का? जन्माला यायच्या आधी होता तिथे? जिला कधी या वाटेला जायचं नव्हतं ती बाई वॉर्डातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विश्वाचा विचार करत होती, आणि तिला धड रडताही येत नव्हतं.

शनिवारी दुपारी ती दवाखान्यातलं हातात धरून न्यायचं मशीन घेऊन आली. नर्सला सांगितलं, नर्सनं खांदे उडवले. आई नेहमीप्रमाणे उशाशी बसून मास्तरांना बातम्या देत होती: मोरी तुंबली, शेजारणीचा पाय मुरगळला, तो एका तंगडीचा पँटवाला दोनदा दुकानाशी येऊन गेला.

"काय करतेस?" आईनं विचारलं.

"कान तपासते."

"कान चांगले आहेत त्यांचे. रोज ऐकतात माझं."

तिनं वडिलांच्या कानांवर हेडफोन बसवले, उजव्या मुठीत बटण दिलं, अंगठा त्यावर नीट ठेवला. मग तीच वाक्यं म्हणाली जी एकवीस वर्षं म्हणत होती. "आवाज आला की दाबायचं बरं का. बारीक आला तरी दाबायचं. घाई करायची नाही." तिनं एक चांगला मोठा आवाज सोडला.

दिवा लागला.

आता, हीच गोष्ट एखाद्या नव्या मुलीनं केली असती तर कानवाल्या बाईंनी तिला फाडून खाल्लं असतं. एकदा दाबलं ते धरायचं नाही! पण बाईंनी स्वतः काय केलं? खुर्ची मागे पाडून किंचाळल्या, "आई, दाबलं! बाबांनी दाबलं!" आणि आईनं पुढचं काही बघायची वाट पाहिली नाही. फोन काढून धाकट्याला सांगितलं, "अरे, ऐकलं त्यांनी! ताईनं मशीन लावलं, लगेच बटण दाबलं! तू ये आधी!"

दुसऱ्या आवाजाला दिवा लागला नाही. तिसऱ्याला नाही. चौथ्यानंतर ती थांबली, आणि काहीच वाजत नसताना दिवा लागला. पुन्हा आवाज, दिवा नाही. पुन्हा शांतता, दिवा. तिनं सूर बदलला, कान बदलला. वीस मिनिटांत चौदा वेळा दिवा लागला. दोनदा आवाजाबरोबर, बारा वेळा मधल्या शांततेत. सवयीनं तिनं बाराच्या बारा खोडले, आणि मग त्या खोडलेल्या रेघांकडे बघत बसली.

धाकटा अर्धी बसवलेली काच तशीच टाकून आला होता. हाताला काच बसवायची पुट्टी लागलेली. अडीच महिने हा मुलगा रोज यायचा आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून जायचा. एकदाही बोलला नव्हता. भिंतीशी काय बोलायचं, असं एकदा म्हणाला होता. आज तो सरळ उशाशी गेला, वाकला, एक हेडफोन जरा बाजूला करून म्हणाला, "बाबा, मी आलोय. दुकान झाडून घेतलंय मी. मशीनला तेल दिलंय." आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. बहिणीनं खोडलेल्या रेघांचा कागद उलटा करून ठेवला.

"ताई, परत लाव. मला बघू दे."

तिनं परत लावलं. आवाज दिला, काही नाही. थांबली, दिवा लागला. "बघ!" धाकटा म्हणाला. पुन्हा शांततेत दिवा लागला. "बघ, बघ!" आई म्हणाली. दोघांना नुसता दिवा दिसत होता. कधी वाजतंय आणि कधी वाजत नाही हे एकट्या तिला माहीत होतं, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघताना तिला ते माहीत नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

शेवटी तिनं धाकट्याला जिन्यापाशी नेऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे ऐकत नाहीत," तो म्हणाला.

"तसंही नाही म्हणता येत रे." तिनं सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली.

"म्हणजे मुद्दाम करतायत? आपल्याला सांगतायत, की मी आहे?"

"आवाज असतो एक सेकंदाचा, मधली शांतता पाच-सहा सेकंदांची. आंधळ्यानं दगड मारला तरी तो शांततेतच पडणार. अंगठा आपोआप हलत असेल तरी एवढेच दिवे लागतील."

"मग मुद्दाम नाही."

"मुद्दाम केलं असतं तरी एवढेच लागले असते."

धाकट्यानं कठड्यावर मूठ आपटली. "ताई, एकवीस वर्षं हेच करतेस ना तू? नाही म्हण, मी रडून मोकळा होईन. हो म्हण, जन्मभर उशाशी बसेन. हे मधलंच काय घेऊन बसलीस? फोन तरी कशाला केलात मग?" त्याचं म्हणणं खरं होतं. त्याच्या तोंडातून अडीच महिन्यांत पहिल्यांदा बाबा निघालं होतं ते तिच्या चुकीमुळे. आता ते परत कसं घ्यायचं?

सोमवारी तिनं शेवटचा उपाय केला. शांततेत आपोआप हलणारा अंगठा असेल, तर नुसत्या शांततेतही तो हलेलच. तिनं हेडफोन लावले, बटण दिलं, तीच वाक्यं म्हटली, आणि काहीच वाजवलं नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं दिव्याकडे बघत बसली. एक मिनिट गेलं, दोन, पाच. दिवा लागला नाही. सात मिनिटं झाल्यावर ती खुर्चीच्या कडेवर सरकली. म्हणजे ते आवाजाची वाट बघतायत! आवाज असला तरच मधली शांतता आहे, नसला तर कशाच्या मधली? हे अगदी बाबांचंच डोकं! दहा मिनिटं पुरी झाली, तिनं आनंदानं वर पाहिलं, आणि मास्तर तोंड उघडं टाकून, बारीक घोरत, गाढ झोपलेले होते.

ती हसली. आणि मग ती मशीनवर डोकं टेकून खूप रडली. काय केलं म्हणजे कळेल? काहीही केलं तरी कळणार नव्हतं. मास्तरांनी चाळीस वर्षं हेच तर सांगितलं होतं, आणि तिला ते एखाद्या रिकामटेकड्या माणसाचं बोलणं वाटलं होतं.

आई तिच्यासाठी डबा घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं, "आई, तुला काय वाटतं? खरं सांग. आहेत का ते?"

आई वाटीत चमचा ठेवत म्हणाली, "ते आहेत की नाहीत हे मला एवढ्या वर्षांत कधी कळलं? ताटावर समोर बसायचे आणि असायचे कुठे, तर चंद्राच्या पलीकडे. म्हणून मी वाढायचं थांबवलं का?"

"पण त्यांना त्रास होत असेल तर? आतल्या आत?"

आईनं वाटी बाजूला ठेवली. "ते मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. "तेवढं मात्र विचारू नकोस बाई."

मंगळवारी डॉक्टरीणबाई कागद घेऊन खोलीतच आल्या. धाकटा खिडकीशी उभा होता, शनिवारपासून बहिणीशी बोलला नव्हता. आई उशाशी. कानवाल्या बाईंनी रात्रभर पाठ केलेली तीन-चार वाक्यं तोंडात आलीच नाहीत. ती एवढंच म्हणाली, "नळी घाला."

"म्हणजे त्यांना कळतंय असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. म्हणजे, माहीत नाही मला. पण नाहीत ते, असं काही म्हणवत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन पुढे केलं. काही मनात न ठेवता, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "कशावरून?"

तिघांच्या माना एकदम पलंगाकडे वळल्या. घरात तो शब्द ऐकू आला की बोलणारे मास्तरच असायचे, इतक्या वर्षांची सवय. मास्तर आढ्याकडे डोळे लावून पडले होते.

"हलला," धाकटा म्हणाला. "ताई, अंगठा हलला."

"केव्हा? त्यांनी विचारल्यावर, की आधी?"

धाकट्यानं तोंड उघडलं. काचेतली केसाएवढी चीर दहा फुटांवरून ओळखणारा माणूस, पण त्याला सांगता येईना. "मी बघत होतो ना, ताई. नीट बघत होतो. पण आधी की नंतर..." शनिवारी तिला काय झालं होतं ते त्याला आत्ता कळलं असावं, कारण तो हळूच येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"सही कर," आई म्हणाली. "त्यांची जेवायची वेळ होत आली."

तिनं सही केली. डॉक्टरीणबाई गेल्यावर तिनं खुर्ची पुढे ओढली आणि वडिलांचा उजवा हात हातात घेतला. बटण नव्हतं, दिवा नव्हता, काही वाजतही नव्हतं. थोड्या वेळानं तिच्या मुठीत त्यांचा अंगठा आत वळला, आणि ती म्हणाली, "हो बाबा." कशाला हो म्हणाली, ते तिलाही माहीत नव्हतं.